धुतलेला चोथा

मी, सगळीकडे 'वासरूवाले' याच नावाने ओळखला जाणारा, वय बावन्न, धंदा लहान वासरे घेऊन ती वाढवून विकणे, राहणार औषधी कारखान्याच्या मागचा रस्ता, ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देतो की, सदर चोथा मला फुकट मिळाला. त्याची खरी किंमत अशी पडली: एक कालवड मेली, दुसरी पाय पसरून पडली आहे, आणि माझ्या बायकोला बहिणीच्या घरचे दार बंद झाले.

धंदा मी एका लंगड्या वासरावर सुरू केला. माझे नाक भुशाच्या धुळीने केव्हाच कामातून गेले आहे. मी कानावर चालतो. वासरू रवंथ करते आहे की नुसते दात खाते आहे, हे मला दाराबाहेरून कळते.

फिर्यादी हा माझा साडू. तो कारखान्यात अर्क काढण्याच्या विभागाचा साहेब आहे. तेथे शतावरीची मुळे पाण्यात उकळून काढा घेतात व चोथा टाकून देतात. तो मी आणतो, पत्र्यावर पसरून कडक वाळवतो आणि भुसा-पेंडीत बेताने मिसळून वाढत्या वासरांना घालतो. पेंड कमी लागू लागली, वासरांच्या अंगावर तकाकी आली. हे साडूचे उपकार आहेत, मी नाकारत नाही. त्याने ते कधी विसरूही दिले नाहीत.

गेल्या आठवड्यात तो स्वतः गाडीबरोबर आला व म्हणाला, "साडूभाऊ, आता साधा नाही, धुतलेला देतो. घरचे म्हणून."

मी विचारले, "वाळवायला लागेल ना?"

"कशाला? तसाच घाला. पोती लवकर संपवा, अजून माल यायचाय. अहो, माझ्या हातचा माल आहे, मी मूठभर खाऊन दाखवीन!"

मुळांना माती असते, ती धुतली असेल असे मी समजलो. गोठ्यात धुतलेले म्हणजे स्वच्छ. बादली धुतात, गव्हाण धुतात, वासरूही धुतात. दुसरा अर्थ माझ्या धंद्यात नाही.

दुसऱ्या दिवशी वासरे झुलू लागली. मोठी सावरली. दोन लहान कालवडी भिंतीला डोके लावून उभ्या राहिल्या व नंतर खाली बसल्या. गुरांच्या डॉक्टरांनी तोंड हुंगले व म्हणाले, "ही प्यायलीत हो."

मी म्हणालो, "डॉक्टर, ती आत्ता कुठे दुधावरून उतरलीत."

त्यातली तांबडी सकाळी मेली. मी जाब विचारायला कारखान्यात गेलो. साडू जागेवर नव्हता. अंगणात एक हमाल दुसऱ्यावर ओरडत होता, "अरे, धुतलेल्या मालाजवळ विडी पेटवू नकोस, सगळेच जाऊ!" मी तेथूनच मागे फिरलो. घरी येऊन पोत्याच्या तळाचा चिमूटभर चोथा दगडावर ठेवला व काडी लावली. निळी ज्योत उठली.

साडूला निरोप धाडून गोठ्यावर बोलावले. तो म्हणाला, "कारखान्यात धुतलेला म्हणजे स्पिरिटने धुतलेला. शेवटचा अर्क त्यात उतरतो. मग वाफ देऊन स्पिरिट उडवतात."

"मग ही वाफ कुठे गेली?"

"बॉयलर बंद आहे. माल काय डोक्यावर ठेवू? आणि मी धुतलेला असं स्पष्ट सांगितलं होतं. तुम्हाला ऐकू येत नाही का?"

हे तो मेलेल्या कालवडीशेजारी उभा राहून बोलला. तसलीच एक गाडी थोड्या वेळात खालच्या रस्त्यावरच्या गोठ्यांकडे निघणार होती. मी म्हणालो, "गाडी थांबवायचा फोन करा." तो म्हणाला, "माल एक नंबर आहे."

तेव्हा मी त्याच्यापुढे चोथ्याने भरलेले घमेले ठेवले, बाहेर आलो व कडी लावली. आत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले की, एक मूठ खा नाहीतर गाडी थांबवा, दोन्हीपैकी काहीही केले तरी कडी निघेल.

बायको धावत आली. "अहो, ताईच्या यजमानांना कोंडलंत?"

मी म्हणालो, "पाहुणचार चाललाय. जेवणाची सोय केलीय."

ती हसली नाही.

साडूच्या हातात फोन होता. त्याने तो गाडीवाल्याला न करता पोलिसांना केला. हवालदार आले. मी सगळे सांगितल्यावर त्यांनी आधी गाडी थांबवली, मग मला ताब्यात घेतले. याबद्दल माझी तक्रार नाही.

मला विचारण्यात आले की, मी फिर्यादीस मारहाण केली काय. नाही. माझे दोन्ही हात बाहेर अंगणात आणून ठेवलेल्या दुसऱ्या कालवडीखाली होते. मला पश्चात्ताप होतो काय, असेही विचारले. तांबडीबद्दल होतो. दुसरी अजून श्वास घेते आहे, पण तिला एका कुशीवर राहू देऊन चालत नाही, सारखी वळवावी लागते. बायकोला एकटीला ती उचलत नाही. मला कधी सोडणार, ते त्या हिशेबाने ठरवावे.

माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. एके ठिकाणी माझ्या सांगण्याप्रमाणे दुरुस्ती केली आहे. दार उघडले तेव्हा घमेल्यातला चोथा "थोडा कमी झालेला दिसला" असे लिहिले होते. ते खोडून "घमेले भरलेले होते तसेच होते" असे केले. आता मजकूर बरोबर आहे.