शेकोटीपासून दहा फूट

फिटर : गॅसची शेगडी इथे नाही बसवणार. काल पेटवलेली शेकोटी, आणि भिंत अजून कोमट. हिच्यामागून गॅसची नळी नेली तर पंधरा दिवसांत तडकेल.

सासरे : मी बांधलीय ती. वीट अन् वीट. आजवर कुणाला चटका बसलेला नाही.

सून : बाबा, लाकडाची आग दिसते तरी. गॅस सांगून येत नाही.

सासरे : वास असतो त्याला. वास आला की कॉक बंद. एवढं कळतं मला.

फिटर : ठिणगी उडते, आजोबा. मधे दहा फूट तरी हवेत. भाजायची शेगडी तिकडे, कुंपणापाशी बसवू.

सून : तिथे पोरीचा झोका आहे.

फिटर : मग झोका हलवा, ताई. शेगडी काय हवेत टांगू?

सून : ह्यांना सांगते रविवारी. नको, मीच काढते. ह्यांचा रविवार कधी उजाडतो ते माहितीय मला.

सासरे : तिचा झोका कशाला? इथेच बसव रे. संध्याकाळी पोर माझ्यापाशीच असते, मी लक्ष ठेवीन.

फिटर : आधी जोड तपासतो, तिकडे कुंपणापाशी. आजोबा, या, सिलिंडर धरा. ताई, वाटीत साबणाचं पाणी आणा.

(सून वाटी घेऊन दारात येते.)

सून : बंद करा. आधी बंद करा ते.

फिटर : केला. वॉशर चिरलाय. तुम्हाला दारातूनच कळलं?

सून : डोक्यात गेला वास. बाबा, तुम्ही तर सिलिंडर धरून उभे होता.

सासरे : वारा तुझ्याकडे होता.

सून : पान हलत नाहीये. मंगळवारी दूध करपलं, तेव्हाही तुम्ही ओट्याशेजारी पेपर वाचत होता. मला वाटलं, मुद्दाम उठला नाहीत.

फिटर : मी गाडीतून वॉशर आणतो.

सून : कधीपासून?

सासरे : त्या तापानंतर. सांगितलं असतं, तर पोर ठेवली असतीस माझ्यापाशी?

सून : माहीत नाही.

सासरे : शेगडी तिकडेच बसव म्हणावं. झोका मी सोडवतो.

सून : दोघं सोडवू. आणि शेकोटी पेटवायच्या आधी मला हाक मारायची. मी येऊन वास घेऊन जाईन.

सासरे : रोज? दमून येतेस तू.

सून : दमलेलीच असते, बाबा. त्यात आणखी चार पावलं.

सासरे : आणि पोर?

सून : बसेल की तुमच्यापाशी. विचारलंच तिने, तर सांगू, आजोबांना सर्दी झालीय.