लॉर्डसाहेब अन् मामाची पोरगी

माहं लव्ह मॅरेज होतं का, असं कोणी विचारलं का मी अजूनही त्या लॉर्डसाहेबाचीच गोष्ट सांगते.

मॅट्रिक होऊन मी सिहोऱ्याले घरी बसली होती. दुपारी माय अन् आत्याबाई, म्हणजे बाबाची बहीण, बिड्या वळत अन् मी त्याहिले कादंबरी वाचून दाखवत होती. दीडशे वर्षांआधीची विलायत. एक लॉर्डसाहेब अन् एक तिखट जिभेची पोरगी नाचता नाचता एकमेकाले टोमणे मारतात.

"ही त्याची कोण लागते?" आत्याबाईनं विचारलं.

"मामाची पोरगी."

आत्याबाईचा हात थांबला. "सख्ख्या मामाची? मंग तर हक्कच आहे! भांडून कायले राहिले?"

"आपलं प्रेम आहे का नाही, हेच त्याहिले समजून नाही राहिलं."

"अन् मामाले कोणी विचारलं का?"

"नाही."

"मंग पुस्तक जाडं होणारच!"

दुसऱ्या दिवशी आत्याबाईनं लुगडं अन् नारळ आणून बाबासमोर ठेवलं. चहा निवायच्या आत तिच्या पोरासंग, दिनकरसंग, माहं लग्न जमलं. मी पुस्तकात बोट घालून उभीच! लॉर्डसाहेबाचं अर्धं बाकी, अन् माहं आटोपलं.

लग्नाच्या पंधरा दिवसांनी मी हिंमत करून याहिले विचारलं, "अजी, तुमचं माह्यावर प्रेम आहे का?"

त्याहिनं घाबरून माह्याकडं पाहिलं.

"काहून? तू मामाची पोरगी नाहीस काय?"