हरीला आम्ही पाजलेलं पाणी

मंडळी, मागच्यांनी पुढे सरका. पंखा इकडेच आहे.

आपल्या हरिश्चंद्रासाठी तुम्ही सगळे आलात. पोयनाडहून आलात, थळवरून आलात, शेतावरची कामं टाकून आलात. मला बोलायला सांगितलं, कारण मी त्याचा पन्नास वर्षांचा दोस्त. आधी आम्ही मिठागरावर राबलो, मग एकाच ट्रकवर. पण ट्रकमध्ये तो बोलायचा आणि मी हूं हूं करायचो. आज तो गप्प आहे आणि माझी पंचाईत झालीय. सांभाळून घ्या.

मला आधी एक कबूल करायचंय. मिठागरावर कुणाला घाम फुटला, छाती धडधडली, तर आपण काय करतो? सावलीत बसवतो आणि मीठ-साखरेचं पाणी पाजतो. डॉक्टर नंतर, पाणी आधी. आपल्या बापांनी हेच केलं, आपण हेच केलं.

हरीला साखरेचा आजार निघाला आणि त्याच सुमारास त्याला झटके यायला लागले. अचानक घामानं भिजायचा. चेहरा पांढराफटक, डोकं ठणकायचं, छातीत नुसती धडधड. मी म्हटलं, साखर उतरली. वर हा मिठागरावरचा माणूस. मी ट्रकच्या सीटखाली बाटलीच ठेवली. झटका आला की पाज. पंधरा-वीस मिनिटांत हरी उठून बसायचा आणि म्हणायचा, “तुक्या, तुझ्या पाण्याला गुण हाय.” मी फुगायचो!

झटका आपोआप जात होता, मंडळी. पाण्यानं नाही. आपोआप. हे मला फार उशिरा कळलं.

त्यात त्याच्या गळ्याला सुपारीएवढी गाठ आली. आता यमुनावहिनींचं तुम्हाला माहीतच आहे. त्यांनाही साखर. त्या दिवसभर पेंगायच्या, अंग सुजायचं, आणि आम्ही म्हणायचो, साखरेनं होतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर थायरॉईड मंद झालेला. सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली आणि दोन-तीन महिन्यांत वहिनी अशा काही तरतरीत झाल्या की हरीच घाबरला. हसा, हसा. वहिनीपण हसतायत. तर हरीनं काय ठरवलं? गळ्याची गाठ म्हणजे थायरॉईडच, मग वेगळा डॉक्टर कशाला? गुपचूप वहिनींच्या डबीतली गोळी खायला लागला. धडधड आणखी वाढली. मी पाणी आणखी पाजलं. दोघांत शहाणा कोण, तुम्हीच सांगा.

एकदा उपकेंद्रात, साखर तपासायच्या रांगेतच त्याला झटका आला. मी बाटलीचं झाकण काढलं. सिस्टर ओरडल्या, “काका, थांबा! आधी मला बघू द्या!” बोटाला टोचलं. साखर उतरली नव्हती, भलतीच चढली होती. दंडाला पट्टा बांधला. ब्लडप्रेशरचा आकडा बघून त्यांनी पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. मग मला विचारलं, “बाटलीत काय आहे?” मी म्हटलं, मीठ आणि साखर. त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली आणि बेसिनमध्ये रिकामी केली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

त्यांनी अलिबागला पाठवलं, तिथून मुंबईला. मूत्रपिंडाच्या डोक्यावर छोटी ग्रंथी असते, तिच्यात लिंबाएवढी गाठ निघाली. ती मधूनच रस सोडायची आणि ब्लडप्रेशर, साखर दोन्ही उसळायचं. आणि गळ्यात थायरॉईडचा कॅन्सर, तोही क्वचित कुणाला होणारा. दोन्ही गाठींचं मूळ एकच. डॉक्टरीणबाईंनी आधी काही आठवडे औषधं दिली, मग पोटातली गाठ काढली, आणि गळ्याचं ऑपरेशन त्यानंतर. उलटं केलं असतं तर टेबलावर जिवावर बेतलं असतं, असं त्या म्हणाल्या.

मी बाईंपुढे हात जोडले. म्हटलं, इतकी वर्षं मी त्याला पाणी पाजलं, माझ्यामुळं झालं का हे? त्या म्हणाल्या, “गाठी तुमच्या पाण्यानं झालेल्या नाहीत. पण न तपासता पुन्हा कुणाला पाजू नका.” हरी खाटेवरून म्हणाला, “बाई, शिक्षा म्हणून याला रोज घरचा डबा आणायला लावा.” आणला मी. तो घरी येईपर्यंत आणला.

त्यानंतर हरी नऊ वर्षं जगला. रोज सकाळी स्वतःची थायरॉईडची गोळी घ्यायचा. “आता हिच्या डबीतली चोरत न्हाय,” म्हणायचा.

पण बाईंनी आणखी एक सांगितलं होतं. हा दोष बापाकडून मुलात उतरू शकतो. मुलाचं रक्त तपासा. दिलीप, तू समोर बसलायस, रागावू नको. तू नऊ वर्षं टाळलंस. “कळून काय करू? ट्रक कोण चालवील?” म्हणायचास. तुझा बाप तुला एका शब्दानं बोलला नाही. मला मात्र विचारायचा, “तुक्या, पोराला जमीन न्हाय दिली, ते ठीक हाय. पन हे दिलं असंल तर?”

या मे महिन्यात दिलीप ट्रक भरताना घामाघूम होऊन खाली बसला. चौघं पाणी घेऊन धावले. दिलीपनं हातानं बाजूला सारलं. “आधी मला तपासा!” निघालं काय? ऊन. नुसतं मे महिन्याचं ऊन! त्या दिवशी त्याला खरोखरच पाणी हवं होतं. पण घाबरला तो घाबरलाच, आणि पुढच्या आठवड्यात मुंबईला जाऊन रक्त देऊन आला.

रिपोर्ट गेल्या सोमवारी आला. दोष नाही! दिलीपमध्ये नाही, म्हणजे त्याच्याकडून त्याच्या मुलीत उतरणार नाही. हरी उठला. परसात गेला, नळ सोडला, तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

मंगळवारी सकाळी मी त्याच्या ओट्यावर होतो. त्याची नात, आपली आरोही, दप्तर घेऊन आली आणि रोजच्यासारखी हनुवटी वर करून उभी राहिली. शाळेत जाताना आजोबा गळ्याला गुदगुल्या करायचे ना. हरीनं हात पुढं केला आणि मागं घेतला. “आजोबा, गुदगुल्या?” “आज न्हाय गो बाय. जा, शाळेला उशीर व्हईल.” ती रुसून गेली. मी म्हटलं, अरे, पोरीला का हिरमुसवलंस? तर हरी म्हणाला, “त्या गुदगुल्या न्हवत्या, तुक्या. मी गाठ चाचपत व्हतो. रोज.”

दुपारी जेवला, खुर्चीत टेकला आणि गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. गाठ परत आलेली नव्हती. मला रडू येतं, नाही असं नाही. पण माझ्या छातीवरचा धोंडा उतरलाय. त्याच्याही उतरला होता.

आरोही, इकडं बघ बाय. आजोबा शेवटच्या दिवशी रागावले नव्हते तुझ्यावर. त्या दिवशी ते पहिल्यांदा निर्धास्त होते.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणी बोलू नका. हरी, जा बाबा निवांत.