अवतरणचिन्हांची परवानगी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, नगरवाचनालयाच्या प्रमुख श्रीमती कालिरोई. आमच्या क्लासचे संस्थापक पोलिहरोनिस सर. मधली खुर्ची नको म्हणून हट्टाने कडेच्या खुर्चीवर बसलेल्या सत्कारमूर्ती एव्दोक्सियाबाई. समोर बसलेले पालक, त्यांत माझे आईबाबाही आले. क्लासचे आजीमाजी विद्यार्थी. आणि शनिवारच्या संध्याकाळी, कलामातातल्या या उकाड्यात, समुद्र सोडून इथं आलेले आपण सर्वजण,

मला आधी एक दुरुस्ती करायची आहे. ती केल्याशिवाय मला पुढे बोलता येणार नाही.

मागच्या वर्षी क्लासला तीस वर्षं झाली, तेव्हा याच व्यासपीठावरून मी एक गोष्ट सांगितली होती. मी म्हणाले होते की इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाच्या लेखकांनी मला स्वतः पत्र पाठवलं आणि त्या पत्रामुळे माझे गुण वाढले. आपण टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या परत घेता येत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण ती गोष्ट चुकीची होती. लेखकांनी मला कधीही पत्र पाठवलेलं नाही. पाठवणार कसे? माझं पत्र त्यांना मिळालंच नव्हतं.

आता हे निरोपाच्या समारंभात कशाला, असं आपण म्हणाल. बाईंची परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, "निरोप माझा आहे ना? मग माझी चोरीसुद्धा माझ्यादेखत उघडी पडू दे."

नव्या पालकांसाठी थोडं मागून सांगते. माझे बाबा मधमाश्या पाळतात. आमचं घर डोंगरात इतकं वर आहे की शाळेची गाडी आठव्या वर्षापर्यंत माझ्यासाठी आलीच नाही. आईने अक्षरं शिकवली, बाबांनी बाकीचं. आमच्या टेबलावर एका बाजूला माझी वही आणि दुसऱ्या बाजूला मधाच्या बरण्यांची लेबलं असायची. ज्या फुलाचा मध, त्याच फुलाचं नाव. पाइनच्या मधावर संत्र्याचं लेबल लागलेलं बाबांना चुकूनही चालायचं नाही. आणि त्यांनी मला लिहायला शिकवलं तेही तसंच. दुसऱ्याचं वाक्य घेतलंस तर त्याला अवतरणचिन्ह लाव आणि कुणाचं ते लिही.

पुढे मी शाळेत गेले, मोठी झाले, विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला बसले. परीक्षेच्या आधी आईने देवळात नेऊन माझं पेन आशीर्वादित करून आणलं. ते मी वापरलं नाही, कारण शेजारच्या बाकावरच्या मुलीकडे तसं पेन नसलं तर तो अन्याय होईल, असं मला वाटलं. (आई, आज सांगते. ते पेन माझ्या खणात आहे.)

इतिहासाच्या पेपरात आपल्याकडे काय हवं असतं, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. पुस्तक हवं असतं. पुस्तकातलं वाक्य, पुस्तकातल्या शब्दांत. आमच्या वर्गातला झाफिरिस, तो पाहा तिकडे मागे बसून हसतोय, पुस्तक डोळे मिटून म्हणायचा आणि पान उलटायची जागा आली की श्वास घ्यायचा. त्याला साडेएकोणीस मिळाले. वीसपैकी.

मी काय केलं? प्रत्येक वाक्याला अवतरणचिन्हं लावली आणि पुढे कंसात लिहिलं: पाठ्यपुस्तक, पान अठ्ठेचाळीस. पाठ्यपुस्तक, पान एक्कावन्न. तीन तासांचा पेपर. तिसऱ्या प्रश्नाच्या मध्यावर वेळ संपली. मला नऊ पूर्णांक आठ मिळाले. सगळे विषय मिळून, वीस हजारांपैकी, तेरा हजार एकशे चाळीस. मला हव्या असलेल्या विभागाला दोन हजार कमी.

सप्टेंबरमध्ये मी फेरपरीक्षेच्या वर्गात येऊन बसले. बाईंनी माझ्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवली, चष्मा चढवला, वाचली, चष्मा काढला.

"अर्गीरो, हे पानांचे आकडे बरोबर आहेत?"

"हो बाई. मी दोनदा तपासले होते."

"परीक्षेत? पुस्तक नसताना?"

"डोक्यात तपासले."

त्यांनी झाफिरिसची चुलत बहीण बसली होती तिच्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "अगं बाई, हिला पुस्तकाबरोबर पानांचे आकडेसुद्धा पाठ आहेत, आणि ही नापास होतेय!"

नापास नव्हते झाले, कमी पडले होते. पण तेव्हा मी दुरुस्ती केली नाही.

बाईंनी मला सगळं करून पाहिलं. रागावून पाहिलं. म्हणाल्या, परीक्षकाला पुस्तक माहीत आहे, त्याला पान कशाला सांगतेस? मी म्हणाले, त्याला माहीत आहे म्हणून ते वाक्य माझं होतं का? म्हणाल्या, बरं, स्वतःच्या शब्दांत लिही. मी लिहिलं. सराव परीक्षेत बारा मिळाले, कारण माझ्या शब्दांत एक तह दीड पान झाला होता. जानेवारी संपला. एक दिवस त्या मेटाकुटीला येऊन म्हणाल्या, "मग असं कर, ज्यांची वाक्यं आहेत त्यांची परवानगी माग!"

त्या चिडून बोलल्या होत्या. मी घरी जाऊन पत्र लिहिलं.

चार पानी. लेखकमंडळींना, सादर नमस्कार, मला आपली वाक्यं परीक्षेत अवतरणचिन्हांशिवाय वापरायची आहेत, आपली हरकत आहे का, कृपया कळवावं. तिकीट लावून पाकीट बाईंकडे दिलं, कारण त्यांच्या घराजवळ पोस्ट होतं. आणि वाट पाहू लागले. उत्तर येईपर्यंत एक ओळ पाठ करायची नाही असं मी ठरवलं होतं.

नवव्या दिवशी बाईंनी मला एक टाइप केलेला कागद दिला. क्लासच्या पत्त्यावर आला म्हणाल्या. त्यातला मजकूर मला आजही तोंडपाठ आहे आणि आज तो कुणाचा आहे हेही मला माहीत आहे, म्हणून अवतरणचिन्हांत सांगते: "कुमारी अर्गीरो, पुस्तकातील सर्व वाक्ये वापरण्यास परवानगी आहे. अवतरणचिन्हे लावू नयेत. लावत बसलीस तर पुन्हा वेळ पुरणार नाही."

"बसलीस." कुठल्या लेखकमंडळाने अशा भाषेत पत्र लिहिलं असतं? पण माणसाला हवं ते उत्तर मिळालं की तो सही तपासत नाही. मीसुद्धा नाही तपासली. हे मला फार लागलं आहे.

त्या दिवसापासून अभ्यास सुरू झाला. बाईंनी मला वही घालून दिली. उजव्या पानावर पुस्तकाचं वाक्य, जसंच्या तसं. डाव्या पानावर तेच माझ्या शब्दांत. "उजवं परीक्षकाला दे," त्या म्हणाल्या, "डावं तुझ्याकडे ठेव. ते तुला पुढे लागेल." सकाळी धक्क्यावर येरझाऱ्या घालत मी उजवी पानं म्हणायचे. कोळी जाळी सोडवत ऐकायचे. मे महिन्यात मी एका युद्धाच्या कारणांमध्ये अडखळले, तर एक काका जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, "तिसरं कारण राहिलं, पोरी. काल बोलली होतीस."

जूनमध्ये इतिहासाला अठरा पूर्णांक सात मिळाले. एकूण पंधरा हजार नऊशे तीस. मला हवा तो विभाग मिळाला. आणि दोन आठवड्यांपूर्वी पदवीही.

त्याच आठवड्यात मी क्लासमध्ये आले, आजच्या समारंभासाठी जुने फोटो शोधायला. बाईंचं कपाट उघडलं. फोटोंच्या खाली माझं पाकीट होतं. माझं अक्षर, माझं तिकीट, बंदच्या बंद.

बाई मागे कॉफी करत होत्या. मी पाकीट घेऊन उभी राहिले.

"टाकणार होते गं," त्या म्हणाल्या. "तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. मग मनात आलं, फेब्रुवारी आहे. उत्तर यायला एप्रिल उजाडेल. आलंच नाही तर ही पोर जूनपर्यंत दारात बसून राहील. आणि नाही म्हणाले तर?"

"म्हणून तुम्ही खोटं लिहिलंत?"

"लिहिलं. टाइप करताना दोनदा चुकले, तिसऱ्यांदा नीट आलं." मग कॉफी उतू गेली. गॅस पुसता पुसता पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मला वाईट वाटतं, अर्गीरो. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन. हेही खरं सांगते."

आता माझी अडचण ऐका. पोलिहरोनिस सरांनी मला विचारलं होतं की बाईंच्या जागी फेरपरीक्षेचा वर्ग तू घेशील का. सहा मुलं आहेत, ती तिसऱ्या रांगेत बसली आहेत. मी घेतला नाही तर यंदा तो वर्ग नाही. मी म्हणाले होते, विचार करून सांगते. त्यातच हे पाकीट सापडलं. आणि गेल्या सोमवारी त्या सहांपैकी फिलियो जिन्यात मला गाठून म्हणाली, "ताई, शब्दशः लिहायचं की स्वतःच्या शब्दांत?" माझी स्वतःची परवानगी खोटी, मी हिला कुठल्या तोंडाने सांगू?

मी डोंगरावर घरी गेले आणि बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, पदवी परत कर म्हणतील. खरंच वाटलं. बाबांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, "लेबल चुकीचं लागलं होतं. आतला मध तुझाच आहे. लेबल बदल, बरणी कशाला फेकतेस?"

म्हणून आज हे लेबल बदललं. मला परवानगी लेखकांनी दिली नव्हती, एव्दोक्सियाबाईंनी दिली होती. क्लास सुरू होण्याआधीपासून, चौतीस वर्षं शिकवत आलेल्या या बाईने आपला प्रामाणिकपणा माझ्यासारख्या हट्टी मुलीसाठी एकदाच पणाला लावला, आणि पाच वर्षं ते गुपित एकटीने सांभाळलं. बाई, मी तुमच्यावर रागावले होते. मंगळवारपर्यंत रागावले होते. आता नाही.

फिलियो, तुझं उत्तर: दोन्ही. उजवं पान आणि डावं पान. वही मी आणते.

अध्यक्षांचे, सरांचे, सभागृह देणाऱ्या वाचनालयाचे आणि दिप्लेसच्या तळलेल्या गोड घड्यांवर आमच्याच मधपेट्यांतला मध ओतून घेऊन आलेल्या माझ्या आईचे मी आभार मानते. (संत्र्याचा आहे. लेबल पाहून घ्या.) बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला काही लागलं असेल, एखादा आकडा चुकला असेल तर पोटात घाला, आणि मला येऊन सांगाही. मी दुरुस्ती करीन.

ते पाकीट या क्षणी माझ्या पिशवीत आहे. त्यात मी एक कागद वाढवला आहे. झालेलं सगळं लिहिलं आहे, आणि माझ्या परवानगीबरोबर आणखी सहा जणांची मागितली आहे. पोस्ट साडेसातला उघडतं, वर्ग आठला सुरू होतो. मी पत्र टाकणार आहे आणि तिथून थेट वर्गावर येणार आहे, या वेळी उत्तराची वाट न पाहता. परवा, सोमवारी, सात जुलैला.