सापडत नाही म्हणजे नाही, असं नव्हे!

...आणि वर मलाच सांगतो, "सुरक्षा चिप सापडत नाही"! अरे, सापडत नाही म्हणजे काय? शोधलीस का? कोपरे पाहिलेस? खाली वाकलास? छे! पडद्यावर एक पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह, आणि खाली ती निर्लज्ज ओळ. संपलं काम! तुम्हाला सांगते, लग्न झाल्यापासून मी हेच वाक्य ऐकत आलेय. आमचे हे उघड्या कपाटासमोर उभे राहतात, हात मागे बांधून, आणि तिथूनच हाक मारतात, "अगं, मोजे नाहीयेत!" मी साबणाचे हात तसेच घेऊन जाते, यांच्या नाकासमोरचे मोजे उचलते, हातात देते. वर म्हणतात काय, "अरेच्चा, आत्ता तर नव्हते!" म्हणजे मोजे मला पाहून चालत आले! म्हणून सांगते, सापडत नाही म्हणजे नाही, असं नव्हे!

तर हा माझा कॉम्प्युटर. ठोकळा म्हणते मी त्याला. एका कंपनीनं मोडीत काढला होता, तो मी घरी आणला आणि त्याच्यासमोर बसून, एका बोटानं सुरुवात करून टायपिंग शिकले. कुणी शिकवलं नाही! चौथीत शाळेनं मला सोडलं, मी शाळेला नाही! आणि आज वकीलबाईंचे झाडून सगळे दस्त मी टाइप करते. मीच का? त्यांच्या अक्षरापायी! बाई एवढी हुशार, कोर्टात उभी राहिली की समोरच्याला घाम फुटतो, पण अक्षर... अक्षर कसलं, पेन झटकल्यावर उडतात ना, ते शिंतोडे! ते फक्त मला वाचता येतं. मध्ये मी तापानं पडले होते, तर एका टायपिस्टानं दोन भावांच्या वाटणीपत्रात काय टाइप करावं? "पूर्वेकडील वहिनी दोघा भावांनी समाईक वापरावी." अहो, विहीर होती ती, विहीर! वहिनी म्हणे स्वतः आली ऑफिसात, चप्पल हातात घेऊन...

असो. तर वकीलबाईंचा फोन आला. "मावशी, पुढच्या महिन्यापासून ऑफिसची नवी व्यवस्था येतेय. ज्या कॉम्प्युटरमध्ये सुरक्षा चिप असेल त्याच्यावरच अशिलांचे कागद उघडणार. तपासणीचा प्रोग्रॅम पाठवतेय, पण तुमच्याकडे आहे ना?" "असणारच!" मी म्हटलं. चिप म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण म्हणून नाही कशाला म्हणायचं? फोन ठेवला आणि हिशेब मांडला हो. चिप नाही तर काम नाही, आणि काम नाही तर मी कोण? मोजे शोधणारी बाई!

तपासणी चालवली, तर पिवळा त्रिकोण! दुरुस्तीवाल्याला बोलावलं. आला तो थेट यांच्याशीच बोलायला लागला. "काका, मशीन फार जुनं झालंय." काका मान डोलावतात. यांना त्या मशीनचं बटण कुठे आहे ते माहीत नाही, पण डोलावतात अशी, जणू बाळंतपण यांनीच केलंय! "काका, यात चिप नसणार. नवीन घेऊन टाका. आजींना तरी काय, एवढं लागतं कशाला?" आजींना! अरे, आजी इथे बसलीये, तुझं कोपर तिच्या खांद्याला लागतंय! मी विचारलं, "झाकण उघडून पाहिलंस?" "नाही." "मग नसणार कशावरून?" "स्क्रीनवर आलंय ना आजी, सापडत नाही..." "हे बघ बाळा, सापडत नाही म्हणजे नाही, असं नव्हे!" बिचारा वाईट नव्हता हो, दिवसभर दारोदार लोकांची बोलणी खात फिरतो. चहा प्यायला, आणि जाता जाता म्हणाला, "चालू होताना एफ-टेनचं बटण दाबून आतली सेटिंग बघा हवं तर. पण काही बिघडलं तर माझं नाव घेऊ नका."

दुपारी हे आडवे होऊन घोरायला लागले आणि मी इंग्रजीचा शब्दकोश मांडीवर घेऊन बसले. दाबलं बटण. निळा पडदा, पानंच्या पानं, सगळं इंग्रजी! एकेक शब्द काढत, चष्मा वर-खाली करत, पोहोचले एकदाची सुरक्षेच्या पानावर, आणि तिथे... सिक्युरिटी डिव्हाइस! पुढे लिहिलेलं, हिडन. कोश उघडला. हिडन म्हणजे लपवलेलं. लपवलेलं! म्हणजे चिप होती हो! पहिल्या दिवसापासून आपल्या जागी बसून होती, कामाला तयार, पण त्या जुन्या कंपनीत तिला कुणीतरी बजावून ठेवलेलं, तू दिसायचं नाहीस. आणि ती दिसली नाही. तुम्हाला सांगते, मला भरूनच आलं. घरोघरी असतात अशा... जाऊ दे. हिडन काढलं, अव्हेलेबल केलं, बंद करून चालू केलं, आणि सापडली! मी इतक्या जोरात ओरडले की हे अंथरुणातून धावत आले, "कोण पडलं?" "कुणी पडलं नाही, चिप सापडली!" "कुठे पडली होती?" आता काय बोलायचं, तुम्हीच सांगा!

दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केला, तर पिवळा त्रिकोण! आत गेले, तर परत हिडन! परत बाहेर काढली. पुढच्या सकाळी पुन्हा तेच! माझं डोकंच फिरलं. रात्रीतून हिला कोण लपवतंय? भूत? हे? मग रोजच्यासारखी ठोकळ्यात तारीख भरायला घेतली आणि हात तिथेच थांबला...

हां, ते सांगायचं राहिलंच. ठोकळ्याला रोज सकाळी तारीख मी सांगते. झोपताना भिंतीवरचं बटण बंद करते ना, वीज काय फुकट येते?, तर सकाळी त्याला वाटतं, आपण अजून त्या कंपनीतच आहोत! मग मी सांगते, बाबा रे, आज अमुक तारीख. मला वाटायचं कॉम्प्युटरची रीतच असेल. यांना नाही का सांगावं लागत, आज मंगळवार, गोळी घ्या! पण त्या सकाळी डोक्यात उजेड पडला. जो तारीख विसरतो, तो चिप काय लक्षात ठेवणार, कपाळ? दुरुस्तीवाल्याला फोन लावला. "आजी, आतला सेल मेलाय, वीज बंद केल्यावर तोच सगळं लक्षात ठेवतो. नाण्याएवढा, चपटा असतो." "मग त्या दिवशी का नाही बोललास?" "तुम्ही तारखेचं कुठे बोललात?" खरं होतं हो त्याचं.

नाण्याएवढा चपटा सेल... तो घरात पाहिला होता मी. यांच्या वजनकाट्यात! काढला, ठोकळ्याचं झाकण उघडलं, मेलेला उचलला, जिवंत बसवला. सकाळी बाथरूममधून हाक, "अगं, काटा काहीच दाखवत नाहीये!" म्हटलं, "छान! वाढायचं थांबलं!"

आणि ठोकळा? तारीख बरोबर, चिप हजर! वकीलबाईंनी पाठवलेली तपासणी रोज चिपपाशीच अडायची, ती मी ताठ मानेनं पुन्हा चालवली. हिरवी खूण, हिरवी खूण, चिपपुढे हिरवी खूण! आणि तळाशी... पिवळा त्रिकोण. प्रोसेसर फार जुना आहे. प्रोसेसर म्हणजे त्याचा मेंदू हो. म्हणजे इतके दिवस सापडत नाही म्हणून नको, आणि आता सापडलं तर म्हातारं म्हणून नको!

बसून राहिले. हे आले, शेजारी उभे राहिले. निघून काही गेले नाहीत.

वकीलबाईंना फोन लावला. खोटं आपल्या रक्तात नाही. म्हटलं, "चिप आहे, मेंदू थकलाय. दुसरं कुणीतरी बघा." तिकडे त्या हसल्याच. मग म्हणतात, "दुसरं कुणी? मावशी, ती वहिनी विसरलात वाटतं! ऑफिसचं मशीन पाठवते. काम माझं, मशीन माझं, डोळे तेवढे तुमचे."

आलं मशीन. पातळ, पाटीएवढं. दुरुस्तीवालाच जोडायला आला, आणि या वेळी माझ्याशी बोलला! "आजी, याला पासवर्ड नको. नुसतं समोर बसा, तो चेहरा ओळखतो." केस सारखे केले, चष्मा पुसला, बसले ऐटीत. पडद्यावर एक गोल फिरला, फिरला... आणि ओळ आली.

"चेहरा सापडत नाही."

अस्सं! चष्मा काढला. सापडत नाही. चष्मा लावला, हनुवटी वर केली. सापडत नाही! मी तोंड उघडणार, एवढ्यात मागून हे... उभ्या जन्मात कुणावर आवाज न चढवलेला माणूस, त्या पाटीवर ओरडला, "सापडत नाही म्हणजे काय? डोळे फुटले का तुझे? समोर तर बसलीये एवढी!"

तुम्हाला सांगते, आयुष्यात पहिल्यांदा यांना काहीतरी सापडलं, आणि ती मी! डोळ्यांत पाणी आलं माझ्या... म्हणजे येतच होतं, तेवढ्यात हे म्हणतात, "बरं, ते राहू दे, अगं, माझे मोजे कुठायत?"

काय सांगू... पायात होते!