दुधाच्या घरातला डबा

मी मूळची पळसदरीकडची, माहेर दुधाचं नि सासरबी दुधाचंच, आई मला गोठ्यात बाजूला निजवून धारा काढायची, तवापासून अंगाला दुधाचा वास हाय तो हायच. लग्न होऊन खालापुराकडं आले तर सासूनं दुसऱ्याच दिवशी हातात चरवी दिली, बस म्हणाली गाईखाली. आताबी चार गाई हायेत, रतीब हाय. आणि काय सांगू तुमाला, माझ्याच घरात माझी नात डब्यातली पावडर पिते.

झालं असं, सुनेला, आमच्या सोनालीला, बाळंतपणात दूधच आलं नाय. मग साधी पावडर दिली, तीबी गाईच्याच दुधाची असते, ते आमाला काय ठाऊक. पोरीच्या अंगावर चट्टे उठले, शीमधी रक्त. खोपोलीला नेली तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या हिला गाईचं दूध चालत नाय. मी म्हटलं म्हशीचं देते, तर नको. मग शेळीचं, सगळे तर हलकं म्हणतात, तर तेबी नको म्हणाल्या. त्यांनी दुसराच डबा लिहून दिला, त्यातबी दूधच, पण दुधातलं जे बाधतं त्याचे आधीच बारीक तुकडे केलेले. वास असा की मी तोंड फिरवलं. पण पोरगी प्यायली, रक्त थांबलं.

चट्टे मात्र जाईनात. मला बसवत नाय हो अशा वेळी, घरातून गोठ्यात, गोठ्यातून घरात, नुसत्या फेऱ्या. सोनालीला म्हणायची, हा डबाच बाधतोय गं, टाक तो. ती म्हणायची आई, तुमी मधी पडू नका. दोन दोन दिवस आमी बोलायचो नाय.

पुन्हा गेलो तर बाईंनी विचारलं, तोंडात काय काय जातं? सोनाली म्हणाली फक्त डबा. मग म्हणाल्या, आणि अंघोळीला काय लावता? मी पुढं झाले, अभिमानानं सांगितलं, साय लावते, घरच्या गाईची, डाळीच्या पिठात कालवून, रोज, माझ्या हातानं. आईनं मला लावली, मी माझ्या लेकाला लावली. बाईंनी पेन खाली ठेवलं. सोनालीनं माझ्याकडं बघितलं, पण रागानं नाय बघितलं, त्याचंच मला जास्त लागलं. रिक्षात मी तिला म्हटलं, चुकले गं बाय. तिनं पोरगी उचलून माझ्याच मांडीवर दिली.

साय बंद केली नि हळूहळू अंग स्वच्छ झालं. आता पोरगी रांगते. बाई म्हणतात पुढं दवाखान्यातच थेंबभर दूध देऊन बघू, पुष्कळ पोरांना जरा मोठं झाल्यावर चालतं. मला वाटतं द्यावं, नि वाटतं नकोच. धार काढली की कोपरापर्यंत साबण लावते, साडी बदलते, तरी तिला घेताना हात थबकतो. दूध पचो न पचो, पोरगी हसती राहू दे, बस.

तुमी चहा घ्या, दुधाचा हाय. कप तेवढा खाली ठेवू नका, माझ्या हातात द्या, ती आली बघा रांगत.