तिसऱ्या दिवसाचं पाणी

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय लक्ष्मणरावजी, आमचे प्राचार्य साहेब, ज्यांच्या सत्कारासाठी अख्खा लाखनी तालुका आज या सभागृहात आला आहे त्या राष्ट्रीय संशोधन पुरस्काराच्या मानकरी डॉक्टर प्रतिक्षा लांजेवार मॅडम, सर्व प्राध्यापक मंडळी, दुसऱ्या रांगेत बसलेली माझी पत्नी लीलाबाई, आणि मागं जागा नसल्यानं उभे असलेले विद्यार्थी मित्रहो, सर्वांना माझा नमस्कार आणि जय भीम.

मॅडमचा सत्कार आणि माझा निरोप संस्थेनं एकाच दिवशी ठेवला. कुठं दिल्लीचं मानपत्र आणि कुठं प्रयोगशाळेतल्या परिचराची सेवानिवृत्ती! हा मोठेपणा मी विसरणार नाही. प्राचार्य साहेबांनी मला भाषणही लिहून दिलं आहे. फार सुंदर आहे. पण त्यातली दुसरीच ओळ माझ्या तोंडून निघत नाही. म्हणून कागद खिशात ठेवतो. साहेब, राग मानू नका.

ती ओळ अशी आहे: 'मी तेजराम शहारे, बावीस वर्षं एकही दिवस न चुकवता नोंदी ठेवल्या.' मॅडमच्या मानपत्रातही हीच ओळ आहे. आत्ता ती वाचली गेली तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. मॅडम याच कॉलेजात शिकल्या, पुढं नागपूरला प्राध्यापक झाल्या. बावीस वर्षांपूर्वी त्या माझ्या गावच्या तलावात लोखंडी मोजपट्टी रोवायला आल्या. तलाव भरला की ते पाणी पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, खालच्या विहिरीत किती दिवसांनी पोचतं, हा त्यांचा प्रश्न होता. मला म्हणाल्या, "तेजरामजी, रोज सकाळी सातला दोन आकडे लिहायचे. एक तलावाचा, एक विहिरीचा. जमेल?" मी म्हटलं, "त्यात काय मॅडम!"

त्यात काय, ते मग कळलं. ताप असला तरी सात वाजता पाळीवर. सख्ख्या साळ्याच्या लग्नातून मी जेवणाआधी उठून आलो. बाहेरगावी मुक्काम म्हणून नाही. लोक म्हणायचे, तेजरामले तलावाला बांधून ठेवलं आहे. मला त्याचा अभिमान वाटायचा, हेही खरं सांगतो.

मग वैनगंगेला महापूर आला ते वर्ष. माझी मुलगी रीना पवनीला दिली आहे. तिच्या लेकराचं बारसं होतं. संध्याकाळी गेलो, पहाटे निघायचं ठरलं होतं. पहाटे गाडीला किक मारली तर रीना धावत आली. "बाबा, कुठं जाऊन राहिले? रस्ता पाण्याखाली आहे!" पाच दिवस मी तिच्या माडीवर बसून होतो. चारी बाजूंनी गढूळ पाणी. सात वाजले की माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जायचा.

कोणी विचारेल, घरी लीलाबाई होती ना? होती. पहिल्याच दिवशी फोन लागला. ती म्हणाली, "मी जाऊन पाहू का पट्टी?" मी म्हटलं, "तुले नाही जमत." सातवी शिकलेल्या बाईला मी असं म्हटलं.

सहाव्या दिवशी घरी पोचलो आणि मॅडमचा फोन आला. "तेजरामजी, पुराचे आकडे घेतले ना? असा पूर पुन्हा मिळायचा नाही." आणि मी म्हटलं, "हो मॅडम."

एवढंच बोललो. मग ते खरं करायला रजिस्टर उघडून बसलो. पट्टीवर गाळाची रेघ होती, त्यावरून तलाव कुठवर चढला ते कळलं. विहिरीचं काय? मनाशी म्हटलं, तिसऱ्या दिवशी पोचलं असेल पाणी. तसं लिहिलं.

पुढच्या वर्षी याच सभागृहात मॅडमचं व्याख्यान झालं. मी तिथं, प्रोजेक्टरपाशी उभा होतो. पडद्यावर आलेख आला, त्यात एक उंच टोक. मॅडम म्हणाल्या, "माझ्या सगळ्या कामाचं उत्तर या टोकात आहे. पाणी तिसऱ्या दिवशी पोचतं." टाळ्या झाल्या. मला मात्र कोणी खोलीला बाहेरून कडी घातल्यासारखं झालं. ते टोक माझ्या घरच्या पाटावर बसून मीच काढलं होतं!

सांगायचं कसं? त्यांचा पेपर छापून आला, त्यात आभारात माझं नाव. मग परदेशातून बोलावणं. मग हा पुरस्कार. दर वेळी मॅडम पेढे घेऊन आधी माझ्या घरी यायच्या. परवा लीलाबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पाच वर्षं जेवताना गप राहता, ते याच्यासाठी? आणि मले काहून नाही शिकवलं पट्टी वाचाले?"

आज सकाळी प्रयोगशाळेत मॅडमना सांगितलं. त्या स्टुलावर बसल्या. रजिस्टर मागितलं, ते पान खूप वेळ पाहिलं. म्हणाल्या, "किती एकसारखे चढले आहेत आकडे. मला दिसायला हवं होतं. मला ते टोक हवंच होतं, म्हणून दिसलं नाही." मग म्हणाल्या, "मी काय ते करीन, तेजरामजी. पण आज नको. सगळ्यांसमोर नको." मी "बरं" म्हटलं.

आणि आता ती ओळ वाचली गेली, मॅडमच्याच हातून माझ्या खांद्यावर शाल आली. मॅडम, मी शब्द मोडला. पण ही शाल घेऊन मी घरी कसा जाऊ?

चिठ्ठी आली वाटतं. वेळ संपल्याची असेल. थांबतो साहेब... नाही, हे मॅडमचं अक्षर आहे. वाचतो. 'तारखा नीट सांगा. मला दिल्लीला कळवायच्या आहेत.'

सांगतो मॅडम. एकोणतीस ऑगस्ट ते दोन सप्टेंबर. तलावाची सगळ्यात वरची पातळी तेवढी खरी आहे. विहिरीचे पाचही आकडे खोटे. तिसरा दिवस मी ठरवला, पाण्यानं नाही.

संस्थेनं मला इतकी वर्षं सांभाळलं, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलं, सर्वांचा आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, भर कार्यक्रमात कोणाचा विरस झाला असेल, तर लहान माणूस समजून पोटात घाला. त्या पाच ओळी मात्र पोटात घालू नका. त्यांच्यावर लाल रेघ मारा, आणि बाजूला लिहा, या दिवशी तेजराम शहारे पट्टीपाशी नव्हता.